इन्सुलिन पेन आणि ४ मिमी सुई, चौदा महिन्यांनंतर: गाठी, लो शुगर आणि आपली कोकणातली दमट हवा

पेन कसं दिसतं, रिफिल (औषधाची काचेची कांडी) ३ मिलीची, तिच्यात ३०० युनिट, हे वाचणाऱ्यांना पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. पेनाला पाचपैकी चार, ४ मिमी सुईला पाच, आणि आपण लोक ती सुई ज्या पद्धतीने वापरतो त्याला शून्य. तक्रार एकच आहे: गाठ. बाकी त्रास आहेत, पण ते ओळखीचे होऊन जातात.

डोस तोच, सकाळची पेज तीच, रात्रीचं आमटी-भात-मासे तेच, आणि तरी उपाशीपोटी शुगर एक दिवस २४०, दुसऱ्या दिवशी ८०. असं व्हायला लागलं की लोक आधी मीटरला शिव्या घालतात, मग स्ट्रिपच्या डबीला, मग मेडिकलवाल्याने जुनं औषध खपवलं म्हणतात. त्याआधी स्वतःचं पोट चाचपून बघा. रोज एकाच जागी टोचून कातडीखालची चरबी तिथे जाड होते. इन्सुलिनचा गुणच चरबी वाढवायचा, त्यात सुईची रोजची इजा. अशा जागेतून औषध सरळ रक्तात जात नाही. एखाद्या दिवशी अडकतं, एखाद्या दिवशी लवकर सुटतं. आणि खरी गोची पुढे आहे: गाठीवर टोचलेलं दुखत नाही. त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो आणि माणूस म्हणतो, ‘माझी जागा बसलेली आहे.’

गाठ डोळ्यांनी शोधू नका. नुसती बघून कळते तोवर ती बरीच मोठी झालेली असते. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, नाहीतर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन, तीन बोटं सपाट ठेवून बेंबीभोवती गोल गोल फिरवा. आधी हलकं, मग जरा दाबून. चांगली कातडी चिमटीत पातळ येते. गाठीवरची येत नाही, जाड वळी हाताला लागते. आजूबाजूला बरक्या फणसाच्या गऱ्यासारखं मऊ आणि मध्येच काप्या फणसासारखं घट्ट लागलं, तर तीच. बॉलपेनने तिच्याभोवती रेघ मारा आणि पुढचे काही महिने तिथे सुई नाही. ती आठवड्यात जिरत नाही, महिने घेते. शेकून, चोळून, मलम लावून काही होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडतो. गाठीत वाया जात होतं म्हणून वाढवत नेलेले ४० युनिट ताज्या कातडीतून पुरतेच्या पुरते रक्तात गेले तर शुगर धाडकन खाली येते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना गाठ दाखवा, डोस किती कमी करायचा ते लिहून घ्या, आणि पहिले आठ-दहा दिवस मीटर हाताशी ठेवा, रात्री झोपताना नक्की. २०१३ साली स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ४३० जणांचा. त्यात जवळपास दोन-तृतीयांश लोकांना गाठी निघाल्या, आणि गाठवाल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट लागत होते, बिनगाठवाल्यांना ४१. रोजचे पंधरा युनिट म्हणजे महिन्याला ४५०, दीड रिफिल. पैसे मोजणाऱ्याला एवढं गणित पुरे.

जागा फिरवायची पद्धत सोपी आहे, फक्त ती डोक्यात न ठेवता भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवायची. पोटाचे चार भाग: वर उजवा, वर डावा, खाली डावा, खाली उजवा. एका आठवड्याला एक भाग, दर रविवारी पुढचा. बेंबीपासून दोन बोटं सोडायची. भागाच्या आत प्रत्येक टोचा आधीच्यापासून बोटभर लांब. दिवसाला दोन टोचे म्हणजे आठवड्याला चौदा. चार ओळी, चार रकाने कल्पनेत आखले तर सोळा जागा होतात, दोन उरतातच. तीन आठवडे त्या भागाला विश्रांती.

मांडीही चालते, पण आपल्याकडे एक भानगड आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात पाय ओढत चार तास काम, किंवा बाजारचं ओझं घेऊन पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढणं, यात मांडीचं रक्ताभिसरण वाढतं आणि तिथलं औषध लवकर ओढलं जातं. अशा सकाळी मांडी टाळा, पोटावर घ्या, आणि बांधावर साखर ठेवा.

सुईबद्दल. ४ मिमी बघून लोकांना वाटतं एवढीशी सुई काय पोचणार. कातडी साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, माणूस लठ्ठ असो की काटकुळा. म्हणजे चार पुरते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही मोठ्या माणसांसाठी हीच आहे. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मात्र ४ मागितली की ‘६ घेऊन जा, ८ घेऊन जा, सारखंच असतं’ म्हणत दुसरा डबा पुढे सरकवतात. सारखं नसतं. बारीक माणसाला ८ मिमी सरळ स्नायूत जाते, औषध वेगाने उतरतं आणि मग ‘अचानक घाम का सुटला’ म्हणून घरात धावाधाव. नाइलाजाने लांब सुई घ्यावी लागलीच तर कातडीची घडी धरून टोचा. ४ मिमीला घडीही लागत नाही: सरळ ९० अंशात आत, बटण शेवटपर्यंत दाबायचं, अंगठा न काढता दहापर्यंत सावकाश मोजायचं, मग बाहेर. घाईत पाचावर काढली की टोकाला थेंब लोंबतो. नळाच्या थेंबाएवढा मोठा थेंब गळला तर पाचेक युनिट गेले समजा, कारण एका युनिटाची जागा मिलीच्या शंभराव्या भागाएवढी. किती गेलं ते मोजता येत नाही, म्हणून अंदाजाने परत टोचायचं नाही. पुढची शुगर बघायची.

काटकसरीचं म्हणाल तर एका दिवसात एकच सुई सकाळ-संध्याकाळ वापरली तर आभाळ कोसळत नाही असं माझं मत. दहा रुपयांची सुई, महिन्याला साठ म्हणजे सहाशे. दोनदा वापरली की तीनशे वाचले.

वरचं वाक्य मे महिन्यातलं आहे. आता ऑगस्ट. खोडत नाही, पण मत बदललंय, आणि कारण पैशाचंच आहे. दुसऱ्यांदा वापरायची म्हणजे सुई पेनाला लावूनच ठेवली जाते. दुपारी औषध गरम होऊन फुगतं आणि टोकातून झिरपतं. रात्री आकसतं आणि हवा आत ओढून घेतं. मग सकाळी टोचण्याआधी सुईतली हवा काढायला नेहमीचे दोन युनिट हवेत सोडून भागत नाही, टोकाशी थेंब यायला पाच सोडावे लागतात. दर वेळी तीन जास्त, दिवसाला सहा, महिन्याला १८०. म्हणजे तीनशे रुपये वाचवायला अर्ध्याहून जास्त रिफिल हवेत उडाली. शिवाय वापरलेल्या सुईवरचा गुळगुळीत लेप जातो, टोक वाकतं, कातडी ओरबाडली जाते आणि गाठीला आमंत्रण. आत सुकलेल्या औषधाने सुई कधी बंदही पडते. बटण जड लागतं आणि दोष पेनाला मिळतो. आता नियम असा: टोचली की सुई काढली.

गढूळ, म्हणजे मिश्र इन्सुलिन वापरणाऱ्यांसाठी अजून एक. पेन दोन तळव्यांत दहा वेळा लाटा, मग दहा वेळा वर-खाली करा, आतली काचेची गोळी फिरताना दिसली पाहिजे. खळाखळा हलवू नका. एकसारखं ताकासारखं पांढरं झालं तरच टोचा. तळाशी साका, दाणे किंवा काचेला चिकटलेली पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसली तर रिफिल बाद. स्वच्छ पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ झालं तर तेही बाद.

आता हवा. न उघडलेल्या रिफिल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. चालू पेन बाहेर ठेवायचं, बहुतेक प्रकारांना ३० अंशांखाली २८ दिवस. आपल्या खोक्यातली चिठ्ठी वाचा, प्रकाराप्रमाणे फरक असतो. थंडगार औषध टोचलं की चुरचुरतं, एवढ्यासाठी तरी चालू पेन फ्रिजबाहेर हवं. कौलारू घराच्या माजघरात, जांभ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात मे महिना निभावतो. पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोलीत नाही. एक दारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवू नका. गोठून परत वितळलेलं औषध दिसायला ठीक दिसू शकतं, पण कामातून गेलेलं असतं.

लाईट गेली की लोक मडकं आणि ओलं फडकं सुचवतात. कागदावर ठीक, किनाऱ्यावर अर्धवट. पाणी उडून गेलं तरच गारवा येतो, आणि इथे हवाच पाण्याने भरलेली. ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणात ओलं फडकं फार तर २८ पर्यंत उतरतं. सोलापुराकडे ४० अंशांत २० टक्के दमटपणा असेल तर तेच फडकं २२-२३ ला जातं. म्हणून देशावरच्या पाहुण्याचा अनुभव जसाच्या तसा घेऊ नका. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्यांचंही तेच. वाईट नाहीत, चालू पेनाला पुरतात, फ्रिजची जागा घेत नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. तेव्हा अशा दिवसांची तयारी हवीच. थर्माकोलचा मासळीचा डबा, धुतलेला. तळाशी बर्फ, त्यावर जाड टॉवेलच्या दोन घड्या, त्यावर झाकण लावलेल्या प्लास्टिकच्या डबीत रिफिल. बर्फाला रिफिल चिकटता कामा नये. पावसाळ्याच्या तोंडावर महिनाभराचाच साठा ठेवा. सहा महिन्यांचा एकदम घेतला तर सवलत मिळते आणि वादळात सगळाच बुडतो.

लो शुगर हा सगळ्यात घाबरवणारा त्रास, पण उपाय स्वयंपाकघरातच आहे. थरथर, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. मीटरवर ७० च्या खाली. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून, पंधरा मिनिटं थांबून परत मोजा, नाही चढली तर पुन्हा तेवढीच. चढली की काहीतरी खा. लाडू, चॉकलेट नको, त्यातलं तूप साखर अडवून धरतं. साखर घातलेलं कोकम सरबत चालतं, सोलकढी नाही. शहाळ्यावर विसंबू नका, पेलाभर पाण्यात साखर जेमतेम एक-दोन चमचे. आणि मधुमेहाच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, त्या गोळ्या तिचं पचनच लांबवतात. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, गाडी बोलवा.

काळेनिळे डाग: बारीक रक्तवाहिनी लागते, एवढंच. चोळू नका, अंगठ्याने दाबून धरा. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर जास्त उठतात. वजन सुरुवातीला दोन-चार किलो वाढतं, कारण लघवीतून जाणारी साखर आता अंगी लागते; त्यात लो होईल या भीतीने खाल्लेली बिस्किटं. टोचल्या जागी रोज खाज, लाल चट्टा येत असेल तर औषध बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

पेनाचा एक तारा कापला तो त्यावर न छापलेल्या एका इशाऱ्यासाठी. प्रवासात पेन बिघडलं की लोक रिफिलमधून सिरिंजने औषध ओढतात. रिफिल १०० युनिट प्रति मिली. आपल्याकडे कुपीबरोबर मिळणारी लाल टोपीची सिरिंज ४० ची. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात ५० जातात. पेनावर हा इशारा ठळक मराठीत छापायला काय जातं? जवळ ठेवायचीच तर नारिंगी टोपीची, १०० ची सिरिंज ठेवा.

वापरलेल्या सुया २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, पण वाडीत तो न्यायला कुणी येत नाही. फिनेलची रिकामी जाड बाटली घ्या, सुई मोठ्या टोपीत बसवून पेनावरून फिरवून काढा, बाटलीत टाका. पाऊण भरली की बूच घट्ट, वर चिकटपट्टी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून तिथेच द्या. परसातल्या खड्ड्यात किंवा खाडीत नको. शिंपल्या वेचायला बायका अनवाणी उतरतात.