आपला खेकडा की चिनी खेकडा? जिनोमच्या कामाला हात घालण्याआधी

खेकडा उताणा केला की पोटाला घट्ट चिकटलेली एक झडप दिसते. निमुळती असली तर नर, रुंद गोलसर असली तर मादी. पावसाळ्यात कोल्हापुरात रश्श्यासाठी खेकडे निवडणारी कुठलीही मावशी हे एका नजरेत सांगते. ती झडप म्हणजे खेकड्याची शेपटी. कोळंबीचा जो मांसल भाग आपण आवडीनं खातो, तोच खेकड्यात वाळला, चपटा झाला आणि दुमडून पोटाखाली गेला. हे कसं घडलं, हा खेकड्याच्या उत्क्रांतीतला मोठा प्रश्न आहे. आणखी गंमत म्हणजे दशपाद, म्हणजे खेकडा-कोळंबीसारख्या दहा पायांच्या, प्राण्यांत खेकड्यासारखं अंग निदान पाच वेळा, वेगवेगळ्या घराण्यांत, स्वतंत्रपणे तयार झालं. १९१६ साली बोराडेल या प्राणिशास्त्रज्ञानं या प्रकाराला ‘कार्सिनायझेशन’ हे नाव दिलं.

एमएस्सीची आणि पीएचडीला नुकतीच लागलेली मुलं हे वाचतात, पेटतात आणि विचारायला येतात, “सर, खेकड्याचा जिनोम करूया का?” करूया की! जिनोम म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए, तो अक्षरागणिक वाचून जुळवायचा. पण कुणाचा, कितपत आणि कुठल्या पैशात? त्यांना तोंडी सांगून दमलो, म्हणून आता लिहूनच काढतो.

आधी दोन्ही खेकडे शेजारी ठेवू. चीनमध्ये तळ्यांत पाळला जाणारा ‘मिटन’ खेकडा म्हणजे एरिओकेअर सायनेन्सिस. नांग्यांवर लोकरी मोजे घातल्यासारखी लव असते. वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला त्याला खाऱ्या पाण्याकडं उतरावंच लागतं. पिल्लं आधी पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या असतात, पाच ‘झोइया’ अवस्था आणि एक ‘मेगालोपा’, आणि मग कुठं खेकडा. आपल्या बांधातला, ओढ्यातला बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस समुद्राचं तोंडही बघत नाही. अंड्यातून थेट इवले इवले खेकडे बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या त्या झडपेखालीच राहतात. म्हणजे गोड्या पाण्यात दोघं आले, पण वाटा वेगळ्या. एकानं समुद्राशी नाळ ठेवली, दुसऱ्यानं तोडली. माझ्या मते इथं बसून विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच आहे. शेपटीचा प्रश्न आकर्षक आहे खरा, पण त्यावर मोठ्या प्रयोगशाळा बसल्या आहेत.

पाळलेल्या खेकड्याचा एक फायदा मात्र आपल्याकडं नाही. एकाच जोडीची शेकडो पिल्लं हाताशी असतात, त्यांच्यावरून कुठला जनुक कुणाच्या शेजारी बसतो याचा नकाशा काढता येतो. आपला खेकडा शेताच्या बांधातून येतो. एका पिशवीतले सहा खेकडे तीन ओढ्यांतले असू शकतात आणि सगळे एकाच जातीचे असतील याचीही खात्री नाही. सह्याद्रीत अजून नव्या जाती सापडताहेत. २०१६ साली महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटातून एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली, त्यातल्या एकीच्या नावात तर मार्लेश्वर आहे.

आता मार्ग बघू. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काहीच सिक्वेन्स न करणं, म्हणजे स्वतः नवा डीएनए न वाचणं. चिनी खेकड्याचा जिनोम सार्वजनिक डेटाबेसमध्ये फुकट आहे. कोळंबीचा आहे, डॅफ्निया या पाणपिसवेचा तर २०११ पासून आहे. गॅलक्सीसारख्या फुकट सर्व्हरवर काम होतं, घरचा संगणक साधा असला तरी चालतो. सहा महिन्यांच्या प्रबंधाला हे पुरेसं आहे. क्षारांचं गणित सांभाळणारे जनुक, उदाहरणार्थ कल्ल्यांतला सोडियम-पोटॅशियम पंप, वेगवेगळ्या कवचधारींत कसे बदलले हे बघा, चांगला प्रबंध होतो. मुलांना यात कमीपणा का वाटतो, मला कळत नाही. पिपेट हातात धरलं नाही म्हणजे संशोधन झालं नाही, असं थोडंच आहे?

इथं एक गैरसमज मोडतो. “चिनी खेकड्याचा जिनोम आहे ना, आपले तुकडे त्याच्यावर बसवू” असं बरेच जण म्हणतात. बसत नाहीत. दोघं वेगळ्या कुळातले आहेत, एक व्हारुनिडी, दुसरा जेकार्सिनुसिडी. प्रथिनं लिहिणाऱ्या भागांची तुलना होते, बाकीचा डीएनए एव्हाना इतका बदललाय की जुळवणी हाताला लागत नाही. चिनी जिनोम तुलनेला घ्या, साचा म्हणून नको.

दुसरा मार्ग मायटोकॉन्ड्रियाचा. पेशीतल्या या ऊर्जाकेंद्रांना स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. साधारण सोळा हजार अक्षरं, सदतीस जनुक, थोड्याशा सिक्वेन्सिंगमधून पूर्ण वर्तुळ मिळतं. राधानगरीचा खेकडा आणि गगनबावड्याचा खेकडा किती जवळचे, हे विचारायचं असेल तर हाच घ्या. मर्यादा दोन. तो फक्त आईकडून येतो, आणि त्याच्या जुन्या नकला मुख्य जिनोममध्येही पडून असतात, त्या चुकून वाचल्या गेल्या की वंशवृक्ष वाकडा होतो.

तिसरा मार्ग ट्रान्स्क्रिप्टोम, म्हणजे त्या घडीला पेशीत चालू असलेल्या जनुकांचा आरएनए. खेकड्याच्या जिनोममध्ये पुनरावृत्तीचा कचरा भरपूर असतो, ती डोकेदुखी इथं टळते. कल्ले, यकृत-स्वादुपिंड आणि अंडाशय असे तीन अवयव घेतले तर जनुकांची बरीच मोठी यादी हाती येते. गोड्या पाण्याच्या प्रश्नाला हा मार्ग मला सर्वांत चोख वाटतो. पण आरएनए म्हणजे नाशवंत माल. आमचे नमुने कोरड्या बर्फात घालून एका कुरिअरनं पाठवले, मध्ये शनिवार-रविवार आला, खोका पोचला तेव्हा आत बर्फ नव्हता, नुसता थर्मोकोल होता. तेव्हापासून नमुने सोमवारी सकाळीच निघतात.

आता पूर्ण जिनोम. यात खरी निवड शॉर्ट रीड (डीएनए आखूड तुकड्यांत वाचणं) की लाँग रीड (लांब तुकड्यांत वाचणं) ही आहे, आणि ती समजायला चिनी खेकड्याचाच इतिहास बघावा. २०१६ साली त्याचा पहिला मसुदा आला, शॉर्ट रीडवर. प्रत्येक वाचन शे-दीडशे अक्षरांचं. जिनोमचा अंदाज होता सुमारे १६६ कोटी अक्षरांचा, जुळवून मिळाली ११२ कोटी. जनुक सापडले १४,४३६. पण तुकड्यांची लांबी बघा. एन-५०, म्हणजे निम्मा जिनोम ज्याच्याइतक्या किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत बसतो तो आकडा, होता फक्त २ लाख २४ हजार अक्षरं. त्या खेकड्याला गुणसूत्रांच्या ७३ जोड्या आहेत. एकेका गुणसूत्राचे किती तुकडे झाले असतील, करा हिशेब.

याचा त्रास कुठं होतो? शरीराच्या कुठल्या खंडाला पाय, कुठल्याला नांगी, कुठल्याला शेपटी हे ठरवणारे हॉक्स जनुक गुणसूत्रावर ओळीनं बसतात. पार्ह्याले नावाच्या छोट्या कवचधारीत २०१६ साली क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्रानं हेच जनुक बिघडवून पायांचे प्रकार अदलाबदल करून दाखवले गेले. दुमडलेल्या शेपटीचं कोडं सोडवायचं तर ही ओळ सलग दिसायला हवी. ती दहा तुकड्यांत विखुरली तर जनुक आहे एवढंच कळतं, शेजारी कोण आहे ते कळत नाही. म्हणून चिनी खेकड्याचं काम पुढं लाँग रीड आणि हाय-सी (पेशीत डीएनएचे कुठले भाग जवळजवळ असतात यावरून तुकडे जोडायची पद्धत) वापरून गुणसूत्रांच्या पातळीवर न्यावं लागलं.

लाँग रीडमध्ये पॅकबायो कंपनीची हायफाय वाचनं पंधरा-वीस हजार अक्षरांची आणि बरीच अचूक असतात. नॅनोपोर हे दुसरं तंत्र त्याहून लांब जातं, यंत्र खिशात मावतं, पण चुका जास्त, आणि दीडशे कोटींच्या जिनोमला एक फ्लोसेल (त्या यंत्रातली वाचनाची चिप) पुरत नाही. तीसपट, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा, वाचायचं तर साडेचार हजार कोटी अक्षरं लागतात. निधी असेल तर हायफाय आणि हाय-सी, डोळे झाकून. नसेल तर शॉर्ट रीडवर पूर्ण जिनोम काढायच्या फंदात पडू नका. त्या पैशात ट्रान्स्क्रिप्टोम आणि मायटोकॉन्ड्रिया दोन्ही होतात, आणि दोन्ही उपयोगी पडतात. शॉर्ट रीडचं थोडं काम एकाच गोष्टीसाठी करावं: के-मर, म्हणजे ठराविक लांबीचे छोटे तुकडे, मोजून जिनोम केवढा आहे, त्यात पुनरावृत्ती किती, हे आधी बघून घ्यायला. त्यावरून पुढचं अंदाजपत्रक बसतं.

लाँग रीडची खरी अडचण मात्र यंत्रात नाही, मांसात आहे. डीएनएचे धागे लांब हवेत, म्हणजे नमुना ताजा हवा किंवा क्षणात गोठवलेला. मी पहिल्या वेळी पाच खेकड्यांचे पाय अख्खेच्या अख्खे अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवले. कवच न फोडता. अल्कोहोल आत शिरलंच नाही, मांस आतल्या आत सडलं. डीएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलवर वर एक ठसठशीत पट्टा यायच्या ऐवजी वरपासून खालपर्यंत नुसता धूर. चूक माझीच. आता जागेवरच सांधा मोडून मांस काढतो आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकतो, उणे १९६ अंश. “नायट्रोजन कुठून आणायचा?” हा प्रश्न पुण्यामुंबईत पडत असेल. इथं म्हशींच्या रेतमात्रा ठेवायला गावोगावी कंटेनर आहेत. जनावरांच्या डॉक्टरांना नीट विचारलं तर लिटरभर मिळतो.

सगळा डीएनए एकाच खेकड्याचा हवा, म्हणून मोठा बघून घ्या. घाटमाथ्यावरच्या नखाएवढ्या सुंदर जाती या कामाला नकोत. अभयारण्यात पकडायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी, आणि परदेशातल्या कुणाबरोबर काम करून नमुना बाहेर धाडायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

आणि नर घ्या. जात पक्की करायला तज्ज्ञ त्या निमुळत्या झडपेखालची जननोपांगं बघतात, पहिल्या जोडीचा आकार सर्वांत महत्त्वाचा. मांस काढून झालं की उरलेला खेकडा टाकून देऊ नका. बाटलीत घाला आणि चिठ्ठीवर ओढ्याचं नाव, गाव, तारीख पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.