रिसीव्हरच्या पाठीवरचे स्टिकर

माझ्या वडिलांना गेली दोन वर्षे टीव्हीवरचे संवाद नीट उमजत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येते आणि बोलणे मात्र दबलेलेच राहते. संवादांसाठी मधोमध वेगळा सेंटर स्पीकर असला तर हा त्रास बराच कमी होतो, म्हणून ३० हजारांच्या आत बसेल असा ५.१ चा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरमध्ये वाटून देणारे यंत्र, घ्यायचे मी ठरवले. पैसे वडिलांनी आपली मुदत ठेव मोडून दिले होते. त्यामुळेच पुढे जे घडले ते मला अधिक लागले.

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात मला नामांकित कंपनीचे एक मॉडेल २२ हजारांत दाखवण्यात आले, जे अधिकृत विक्रेत्याकडे ३४ हजारांना होते. ‘भाऊ, माल तोच आहे, फक्त कंपनीच्या मार्गाने आलेला नाही,’ असे सांगत दुकानदाराने खोक्यावरच्या १३५ वॅटवर बोट ठेवले. त्या आकड्याखालची बारीक अक्षरे मी घरी आल्यावर वाचली: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, आवाजात १० टक्के विकृती, एकच चॅनेल (म्हणजे एकाच स्पीकरची वाट) चालू. माहितीपत्रकात याच यंत्राची ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल चालू असतानाची क्षमता ७० वॅट दिली होती. घरच्या बैठकीच्या खोलीला तेवढी पुरेशी आहे, पण १३५ चा आकडा सवलतीच्या परिस्थितीतला असल्याने दोन रिसीव्हरची तुलना करायची तर ती याच दुसऱ्या आकड्यावर करावी लागते.

खरा घात वेगळाच होता. दुकानदाराने सोबत एक छोटा लोखंडी डबा दिला आणि ‘उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होते, हा स्टॅबिलायझर लावूनच चालवा’ असे बजावले. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत विजेचे काय होते हे आपण सारेच जाणतो, त्यामुळे मला शंका आली नाही. पक्के बिल मागितल्यावर ‘जीएसटी वेगळा लागेल’ असे उत्तर मिळाले, आणि मी यंत्राचा अनुक्रमांक नसलेल्या कच्च्या पावतीवर समाधान मानले. चूक तिथेच झाली.

एकविसाव्या दिवशी रात्री जळका वास आला आणि रिसीव्हर बंद पडला. सेवा केंद्रातल्या तंत्रज्ञाने तो उलटा फिरवून मागच्या पाटीवरचे ‘२३० व्होल्ट’ असे छापलेले पांढरे स्टिकर नखाने सोलले. खाली कंपनीची मूळ अक्षरे होती: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ४३० वॅट. यंत्र अमेरिकी बाजारासाठी बनलेले होते आणि स्टॅबिलायझर म्हणून दिलेला डबा हा २०० वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर होता. असा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेला रिसीव्हरमधला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो, आणि इथे तर डब्याची क्षमताही निम्म्याहून कमी होती. अनुक्रमांक भारतातला नसल्याने वॉरंटी मिळाली नाही.

दुकानदाराने पावती ओळखायलाच नकार दिला. सुदैवाने १२ हजार रुपये मी यूपीआयने दिले होते, त्याची नोंद बँकेत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करत आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे अशाच प्रकारात अडकलेल्यांनी हातपाय गाळू नयेत.

रिसीव्हर घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पैसे देण्याआधी खोके दुकानातच उघडायला लावा, मोबाइलच्या उजेडात मागची पाटी वाचा, तिच्यावर स्टिकर असेल तर नखाने उचलून पाहा, आणि तिथला अनुक्रमांक पक्क्या बिलावर लिहून घ्या. दुकानदाराने यांपैकी कशालाही नकार दिला तर त्या दुकानातून बाहेर पडा. सोललेले ते स्टिकर मी एका पाकिटात जपून ठेवले आहे. अर्जासोबत तेही जोडणार आहे.