संरक्षित जागांच्या नकाशांची सूची: जिओनेटवर्क, सीकॅन की साधी एक्सेल?

उद्यान विभागाकडे टेकडीची एक हद्द असते, नगररचनेच्या विकास आराखड्यात दुसरी आणि वन विभागाच्या नकाशावर तिसरी. बांधकाम परवानगीचा अर्ज आला की यातली कोणती रेषा कशावरून काढली, हे सांगणारी नोंद शोधावी लागते. बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही. फाइल मिळते, पण तिचा जन्मदाखला मिळत नाही. जिल्हा परिषद, महापालिका किंवा नगरपरिषद जेव्हा देवराया, पाणथळ जागा, जैवविविधता वारसा स्थळे, राखीव टेकड्या यांच्या नकाशांचा कॅटलॉग करायला घेते, तेव्हा सॉफ्टवेअरची निवड या एका कसोटीवर व्हावी असे मला ठामपणे वाटते: वाद उभा राहिला तर हद्दीचा उगम दोन मिनिटांत दाखवता येईल का?

उदाहरण म्हणून आंबोलीचे हिरण्यकेशी घ्या. शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाच्या अधिवासासाठी २०२१ मध्ये जाहीर झालेले हे वारसा स्थळ २.११ हेक्टरचे आहे. चौरस धरले तर एक बाजू साधारण १४५ मीटर. १:५०,००० च्या टोपोशीटवर (भूप्रदेश दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) ती जेमतेम ३ मिलिमीटर भरते, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीनेच हद्द इकडची तिकडे होईल. त्यात जुने टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) असतात. डेटम न बदलता ते जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर ठेवले, तर पश्चिम महाराष्ट्रात रेषा शंभर मीटरहून जास्त सरकते. इतक्या चिमुकल्या जागेचा पत्ताच चुकतो. त्यामुळे प्रमाण, डेटम, मूळ कागद (अधिसूचना, गाव नकाशा, मोजणी), गट नंबर आणि तारीख हे रकाने वैकल्पिक ठेवून चालत नाही. राज्याच्या पूर्व भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला यूटीएम या मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीचा झोन (पट्टा) ४३ संपून ४४ सुरू होतो. जळगावची लांडोरखोरी आणि गडचिरोलीची आलापल्ली ही दोन्ही २०१४ सालची वारसा स्थळे असली, तरी त्यांचे झोन वेगळे आहेत.

जिओनेटवर्क हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जन्मलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. आयएसओ १९११५ हे भौगोलिक मेटाडेटाचे (नकाशाविषयीच्या माहितीचे) मानक त्याच्या हाडामांसात आहे. हद्द कशी तयार झाली, कोणत्या प्रमाणावर, कोणत्या डेटमवर, वापरावर कायद्याचे काय निर्बंध आहेत, या सगळ्याला तयार रकाने मिळतात. एकच नोंद मराठी आणि इंग्रजी दोन्हीत ठेवता येते. दुसऱ्या खात्याचा कॅटलॉग सीएसडब्ल्यू या कॅटलॉगांच्या देवाणघेवाणीच्या सेवेतून आपोआप ओढून घेता येतो आणि क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये बसलेला माणूस त्यातले मेटासर्च वापरून थेट शोधू शकतो.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती परवानग्यांची सोय. नोंद सगळ्यांना दिसते, पण फाइल उतरवून घेण्याचा हक्क ठरावीक गटालाच देता येतो. शिकारी पक्ष्यांची घरटी, दुर्मिळ औषधी वनस्पतींच्या जागा, लोक जैवविविधता नोंदवहीत गावाने विश्वासाने सांगितलेली माहिती, यांचे अक्षांश-रेखांश उघडे टाकणे म्हणजे त्या जागेशी द्रोह आहे. पण अशी माहिती अस्तित्वात आहे आणि ती कोणाकडे मागायची, एवढे तरी नागरिकाला कळलेच पाहिजे.

जिओनेटवर्कची अडचणही खरी आहे. सर्व्हरवर जावा आणि इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र चालवावे लागते, त्याला मेमरी बऱ्यापैकी लागते आणि सांभाळणारा जाणकार माणूस लागतो. पूर्ण फॉर्म उघडला की लिपिक घाबरतो. म्हणून आधी स्वतःचा पंधरा-वीस रकान्यांचा साचा बनवून घ्या आणि मगच प्रशिक्षण ठेवा.

सीकॅन वापरायला कितीतरी सोपे. ओपन नॉलेज फाउंडेशनने घडवलेले हे पायथॉनवरचे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या डेटा डॉट गव्हसारख्या मोठ्या पोर्टलसाठी वापरले गेले आहे. डेटासेट तयार करा, त्यात फाइली टाका, झाले. वृक्षगणना, तलावांच्या पाण्याच्या चाचण्या, अंदाजपत्रक आणि नकाशे हे सगळे एका छपराखाली ठेवायचे असेल, तर हेच घ्या. पत्रकार, विद्यार्थी, कार्यकर्ते यांना ते पटकन उमगते.

हद्दींच्या बाबतीत मात्र त्याचा हात आखडतो. नकाशावरून शोध घेण्याची सोय वेगळ्या एक्स्टेन्शनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) येते. प्रमाण, डेटम, उगम यांचे रकाने तुम्हाला स्वतः घडवावे लागतात. आणि मूळ सीकॅनमध्ये डेटासेट खासगी केला की संस्थेबाहेरच्याला नोंदच दिसेनाशी होते. नोंद उघडी आणि फाइल बंद, असे हवे असेल तर तिथेही वेगळे एक्स्टेन्शन जोडा. ही जोडकामे कंत्राटदार करून देतो, पण पुढच्या आवृत्तीला ती चालतील याची काळजी तुमच्या माथी येते.

जिओनोड हाही पर्याय कानावर येईल. नकाशे ब्राउझरमध्ये रंगवून दाखवणे हे मुख्य काम असेल तरच त्याचा विचार करा.

आता एक्सेल. लहान नगरपरिषदेकडे वीस-तीस लेअर (नकाशाचे थर) आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशाकाम) समजणारा एकच माणूस असेल, तर सर्व्हरच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका लेअरला एक ओळ, रकाने वर सांगितलेले, आणि फाइली जिओपॅकेज या नकाशांच्या फाइल-प्रकारात. शेपफाइल ही जुनी धाटणी टाळाच. तिच्यात स्तंभाच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणजे 'गट नंबर' लिहायलाही जागा नाही. मजकुराचे एन्कोडिंग बिघडून गावांची नावे खराब होतात ते वेगळेच. जिओपॅकेजला हा त्रास नाही. क्यूजीआयएसमध्ये लेअरच्या प्रॉपर्टीजमध्येही मेटाडेटा भरावा आणि तो नुसता प्रोजेक्टमध्ये न ठेवता जिओपॅकेजमध्येच जतन करावा, म्हणजे फाइल ईमेलने गेली तरी सोबत काही ओळख जाते. या मार्गाचा धोका एकच, पण मोठा: माणसाची बदली झाली की तीन प्रती तीन संगणकांवर उरतात. मूळ प्रत कोणाच्या ताब्यात हे कार्यालयीन आदेशात लिहून घ्या.

म्हणून माझा कौल असा. जिल्हा परिषद किंवा मोठी महापालिका, जिथे वन विभाग, भूमी अभिलेख आणि नगररचना यांच्या हद्दी एकमेकींवर येतात, तिथे जिओनेटवर्क. पुण्याच्या समाविष्ट गावांतील टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणासारखा विषय हाताळायचा तर उगमाच्या नोंदीशिवाय गत्यंतर नाही. आधीपासून सीकॅनचे पोर्टल चालू असेल तर ते मोडू नका. जिओनेटवर्कमधल्या नोंदी सीकॅनने ओढून घेण्याची व्यवस्था करा. ग्रामपंचायतींकडे एक्सेलचा साचा द्या आणि तो जिल्ह्याच्या साच्याशी रकान्यागणिक जुळता ठेवा, म्हणजे तालुक्याला गोळा करताना पुन्हा टायपिंग होणार नाही.

शोधाबद्दल एक सूचना. 'देवराई' शोधल्यावर 'देवराईची हद्द' अशी नोंद सापडेलच असे नाही, कारण मराठी प्रत्यय सोडवण्याची सोय जिओनेटवर्क किंवा सीकॅनमध्ये आयती मिळत नाही. नोंदीत मूळ शब्द, स्थानिक नाव (राई, देवरहाटी) आणि रोमन लिपीतले स्पेलिंग, तिन्ही कळशब्द (कीवर्ड) म्हणून टाका.

आणि निविदेत एक अट आवर्जून घाला: काम संपताना सर्व नोंदी आयएसओच्या एक्सएमएल स्वरूपात, सर्व हद्दी जिओपॅकेजमध्ये आणि अधिसूचनांच्या पीडीएफ प्रती कार्यालयाकडे सुपूर्द झाल्या पाहिजेत. शेवटचे बिल त्यानंतरच.