भराव टाकण्याआधी पाहून घ्या

डोंगरउतारावर, उतारातच मिसळून जाणारं सुट्टीचं घर बांधायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी आमचं काय झालं ते वाचा. आमची कित्येक वर्षांची बचत ज्या भिंतीत गेली, ती आता मागून पुन्हा उकरावी लागली आहे.

डिझायनर बोलायला अतिशय गोड. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९११ साली टालिएसिन हे आपलं घर टेकडीच्या माथ्यावर न बांधता तिच्या कडेला बांधलं, हे आम्हाला त्यानेच सांगितलं. छपरावर गवत, तीन बाजू मातीत, पुढे फक्त दगड आणि काच. थ्रीडी चित्रात घर शोधावं लागायचं. आम्ही दोघं त्या चित्रावर भाळलो. ती कल्पना मला आजही सुंदर वाटते.

कॉन्टूर सर्वेचे, म्हणजे जागेचे चढउतार मोजण्याचे, पैसे त्याने वेगळे घेतले, नकाशाही दिला. घर गळू लागल्यावर आम्ही दुसऱ्या इंजिनिअरना बोलावलं. नकाशा बघून त्यांनी एकच विचारलं, "ताई, तुमच्या जागेतला ओहोळ यात कुठे आहे?" नव्हताच. नकाशा भलत्याच जागेचा होता. वरचं पाणी ज्या वाटेने उतरतं, नेमकी तिथेच आमची मागची भिंत उभी होती.

अशा घरात मागची भिंत ही नुसती भिंत नसते, ती माती आणि पाणी दोन्ही अडवते. मागे पाणी साचलं तर दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टन दाब वाढतो, म्हणजे तीन मीटर उंच भिंतीच्या तळाशी तीन टन. म्हणून बाहेरून वॉटरप्रूफिंगचा थर, त्याला लागून खडी, मातीने खडी बुजू नये म्हणून फिल्टरचं कापड आणि तळाशी पाणी बाहेर नेणारा छिद्रांचा पाइप लागतो. बिलात हे सगळं होतं. जागेवर काहीच नव्हतं. खोदलेली मातीच परत लोटून दिली होती, तीही थराथराने न ठोकता.

मी एकदा विचारलं होतं. कंत्राटदार म्हणाला, "ते सगळं मातीखालीच जाणार, तुम्हाला कुठे दिसणार आहे?" आणि दोन दिवसांनी पाइप टाकतानाचे फोटो आले. त्या फोटोंत माती लाल होती. आमच्या उतारावरची माती काळपट आहे. मी ते फोटो तेव्हा नीट पाहिले, घरच्यांना पाठवले, आणि पुढचा हप्ता दिला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर झोपायच्या खोलीत कुबट वास सुटला. मग भिंतीवर क्षारांची पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटली, रंगाला फुगा आला. मी बोटाने दाबला तर आतून पाणी ओघळलं. बाजूच्या, उताराची माती अडवणाऱ्या भिंतीत पाणी निघायला नळ्या होत्या, पण त्या कोरड्या ठणठणीत. इंजिनिअरनी एका नळीत तार घातली, ती बोटभर जाऊन काँक्रीटला थडकली. दुसरीतही तेच. नळ्या फक्त दर्शनी बाजूला बसवलेल्या होत्या.

छपराचंही तसंच. तीस सेंटिमीटर माती भिजली की चौरस मीटरला अर्ध्या टनाहून जास्त भरते. स्लॅबचा हिशेब मात्र वर माणसं वावरतील एवढ्याच वजनाचा. माती तातडीने उतरवली.

म्हणून सांगते, बुजवलं जाणारं प्रत्येक काम बुजण्याआधी स्वतः जाऊन बघा, आणि हप्ता त्या तपासणीला बांधा, तारखेला नाही. सोबत नेलेला इंजिनिअर डिझायनरच्या ओळखीचा नसावा. फोटोत तुमच्या जागेची खूण, एखादं झाड किंवा खडक, दिसलाच पाहिजे. छपरावर माती टाकण्याआधी पाणी कोंडून निदान एक-दोन दिवस ठेवा आणि खालून स्लॅब बघा. सर्वेचा नकाशा हातात घेऊन उतारावर चालून या, शक्य असेल तर पाऊस पडत असताना.

डिझायनर आता फोन उचलत नाही. त्याच्याशी झालेला करार मी पुन्हा काढून वाचला. त्यात गवताची जात लिहिली आहे, काचेची जाडी लिहिली आहे. मागच्या भिंतीबद्दल एक ओळसुद्धा नाही.