सोन्याची आणि द्राक्षांची गावं: कॅलिफोर्निया की व्हिक्टोरिया?

आमचं गाव विट्याजवळ. माझ्या थोरल्या दिरांचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, दुकान होतं आणि ह्यांच्या मामांची तासगावला द्राक्षबाग. सोनं आणि द्राक्षं या दोन्ही गोष्टी घरातल्याच. त्यामुळे ह्यांच्या निवृत्तीनंतर मुलाकडे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) गेलो आणि पुढे मुलीकडे मेलबर्नला, तेव्हा दोन्हीकडे हट्टाने पाहिली ती जुन्या खाणींची आणि वाइनची गावं. आमच्या वयाची माणसं आता विचारतात, दोन्हींतलं एकच जमणार असेल तर कुठे जावं? मी आधी उलट विचारते, गाडी कोण चालवणार?

कॅलिफोर्नियात 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमाला नदीकाठच्या लाकूडगिरणीत सोन्याचे कण सापडले आणि पुढच्याच वर्षी जगभरातून माणसं लोटली. या गावांना जोडणाऱ्या हायवेचा 49 हा आकडा त्या 1849 सालावरून आला. आम्ही फिरलो तो यातला अमाडोर काउंटीचा तुकडा: सटर क्रीक, जॅक्सन, प्लिमथ, फिडलटाउन. बे एरियातून अडीच तास धरा. पण वाइनरींपर्यंत नेणारी बस आम्हाला काही मिळाली नाही. उजव्या बाजूने, डोंगरातल्या वळणांवर गाडी चालवायची ह्यांची तयारी नव्हती, म्हणून सगळं मुलाच्या शनिवार-रविवारवर. त्याने आनंदाने नेलं, तरी त्याचा थकलेला आठवडा माझ्या डोळ्यांपुढे होता. त्यामुळे जिथे तासभर रेंगाळावंसं वाटलं तिथून वीस मिनिटांत निघालो.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न याच राज्यात) सोनं सापडलं 1851 साली. तिथे मेलबर्नहून बॅलरॅट आणि बेंडिगोला थेट रेल्वे आहे. बॅलरॅटला सव्वा-दीड तास, बेंडिगोला सुमारे दोन. मार्च 2023 पासून या गाड्यांना दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा मेलबर्न शहराइतकीच आहे. मुलीला कामावर जाऊ दिलं आणि डबा घेऊन आम्ही दोघंच निघालो. वाइनचं रदरग्लेन आणि जुन्या खाणींचं बीचवर्थ ही गावं लांब पडतात, तिथे भाड्याची गाडी घेतली. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. पर्यटकाला आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं. पहिल्या तासाभरात ह्यांचे खांदे सैल झाले. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो, आणि मला ते सोन्याहून मोलाचं वाटलं.

सोन्यासाठी मी डोळे मिटून व्हिक्टोरिया म्हणेन. बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला 1850च्या दशकातलं गाव उभं केलंय. तिकिटातच ओढ्यात वाळू धुऊन सोनं शोधायला मिळतं. तिथे वितळलेलं सोनं ओतून लगड करून दाखवतात. मूस कलती झाली आणि ती पिवळी धार पडली तेव्हा हे हळूच म्हणाले, "दादा असायला हवा होता." बेंडिगोला सेंट्रल डेबोरा खाणीत लिफ्टने 61 मीटर खाली उतरता येतं. तिथल्या काळोखात दोन मिनिटं उभं राहिलं की खाणकामगाराचा दिवस कसा जात असेल ते कळतं. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढताना तसं सांगा, खाली चालायचं असतं. जॅक्सनची केनेडी खाण तिच्या कितीतरी पट खोल, 5,912 फूट. पण ती 1942 साली बंद झाली, आता पाहायची ती जमिनीवरूनच. शेजारच्या आर्गोनॉट खाणीत 1922 मध्ये आग लागून 47 कामगार गेले.

द्राक्षांचं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. अमाडोरच्या शेनान्डोआ खोऱ्यात झिनफँडेल या लाल वाइनच्या द्राक्षाच्या, 1860च्या दशकात लावलेल्या बागेतले वेल अजून फळ देतात. मांडव नाही, तारा नाही. एकेक वेल बुटक्या झाडासारखा आपल्या पायावर उभा. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या पाहिलेल्या ह्यांना, वर्षाला एकच छाटणी घेऊन दीडशे वर्षं उभं असलेलं ते खोड सोडवेना. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीमुळे झिनफँडेल हे नाव आपल्याला परकं नाही, पण इथलं दाट, मसालेदार. रदरग्लेनची खासियत मस्कॅट ही गोड वाइन. द्राक्षं वेलीवरच सुरकुतू देतात, आंबणं मध्येच थांबवायला स्पिरिट घालतात आणि पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. चव थेट मनुकांच्या पाकाची. मी सहसा घोटभरही घेत नाही, ही घेतली. दारूचं प्रमाण 17-18 टक्के असतं, तेव्हा चालवणाऱ्याने चव बघून थुंकावी. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा व्हिक्टोरियात 0.05 टक्के, कॅलिफोर्नियात 0.08, आपल्याकडे 0.03. आम्ही आपलीच पाळली. रदरग्लेनला 1899 साली फायलॉक्सेरा किडीने बागा उद्ध्वस्त केल्या होत्या आणि ही कीड बुटांना लागलेल्या मातीतूनही पसरते, म्हणून विचारल्याशिवाय बागेत पाय ठेवू नका.

इतकं असूनही अमाडोरमधली एक जागा मी विसरू शकत नाही. तिला चॉसे म्हणतात. चुनखडीच्या सपाट कातळात 1,185 उखळं आहेत. इथल्या मूळ रहिवाशांपैकी मिवोक जमातीच्या बायका इथे बसून ओकची फळं कुटायच्या. कितीतरी पिढ्यांच्या हातांनी ते खड्डे पडले. माझ्या आजीच्या परड्यात दगडी उखळ होतं, तिचीच आठवण झाली. सोन्याची गर्दी आली आणि या लोकांची जमीन, अन्न, माणसं गेली. 1848 ला कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते, 1870 ला तीस हजारांच्या आसपास उरले. सॉव्हरिन हिलच्या रंगीत रस्त्यावर मला हे इतकं थेट भिडलं नव्हतं.

शाकाहारी जेवण बेंडिगोत सहज मिळालं. अमाडोरला मी दशम्या नेल्या होत्या.

म्हणून दोघंच जाणार असाल तर व्हिक्टोरिया, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा द्राक्षांची काढणी चालू असते आणि ऊनही उतरलेलं असतं. मुलगा किंवा सून गाडीला असेल आणि सोन्यापेक्षा वाइनची ओढ असेल तर अमाडोर. तिथे टेकड्या हिरव्या असतात त्या एप्रिलमध्ये जा, जुलै-ऑगस्टचा पारा सोसवत नाही. मुलाला शुक्रवारची रजा काढायला सांगा आणि सकाळी आधी चॉसेला जा, ऊन कातळावर चढायच्या आत.