घरी फर करताना: मशीनवर शिवलेली की क्रोशाने विणलेली?

बाजारात मीटरवर फर मिळत असताना ती लोकरीपासून घरी कशाला करायची, असे ज्यांना वाटते त्यांनी ती विकतच आणावी. माझी अडचण वेगळी होती. शाळेच्या स्नेहसंमेलनातील एका नाटुकल्यासाठी अस्वल हवे होते, आणि तेही मेळघाटात किंवा ताडोब्यात दिसते तसे, म्हणजे काळे, झिपरे, मानेभोवती केस जास्त लांब असलेले, तोंडाचा पुढचा भाग फिकट आणि छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पांढुरका पट्टा. दुकानात जी फर होती ती सगळी खेळण्यातल्या अस्वलाची होती, तपकिरी आणि सगळीकडे एकाच उंचीची. तेव्हा लोकर आणून फर घरीच करायचे ठरले. गेल्या काही वर्षांत मी ती दोन्ही पद्धतींनी करून पाहिली आहे.

कारखान्यात लांब केसांची फर करताना अनेकदा लोकरीचा धागा काततच नाहीत. ॲक्रिलिक तंतूंचा पेळू थेट गोल विणयंत्रात भरवतात आणि तंतूंची टोके वर मोकळी राहतात. घरी आपण नेमके उलट करतो. आयता कातलेला, पीळ दिलेला धागा कापडावर बसवायचा आणि मग तारेच्या ब्रशने विंचरून त्याचा पीळ मोडायचा. त्यामुळे पद्धत कोणतीही असली तरी लोकर सैल पिळाची आणि ॲक्रिलिकच असावी. सुती धागा विंचरला तरी फारसा फुलत नाही, आणि मखमली लोकरीवर ब्रश फिरवला तर तिची लव ब्रशात येते आणि हाती नुसता दोरा उरतो. खरी लोकर सुरेख फुलते, परंतु गरम पाण्यात चुकून धुतली गेली तर आटून तिचा नमदा होतो. मुलांच्या पोशाखाच्या बाबतीत ही चूक कोणाच्या ना कोणाच्या हातून होतेच. ब्रश मात्र कुत्र्यामांजरांसाठी मिळतो तो, बारीक वाकड्या तारांचा घ्यावा. केसांच्या कंगव्याने हे काम होत नाही.

पहिली पद्धत मशीनची. लोकरीचे साधारण 10 सेंटिमीटरचे तुकडे कागदाच्या पट्टीवर आडवे, एकमेकांना चिकटून मांडायचे, वर आणखी एक पट्टी ठेवायची आणि मधोमध बारीक टाक्याची टीप मारायची. वरचा कागद नसेल तर लोकर मशीनच्या पायात अडकते. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याची शाई लोकरीला लागते. मग कागद फाडून काढायचा आणि तयार झालेली झालर टिपेवर दुमडून कापडावर शिवायची. सुरुवात खालून करून वर जायचे, कौले चढवतात तशी वरची ओळ खालच्या ओळीवर यायला हवी. या पद्धतीने एक बाही मी एका संध्याकाळी उरकली होती. शिवाय खाली साधे कापड असल्याने शिंप्याने बेतून दिलेल्या तुकड्यावर काम करता येते, मापाचा घोळ होत नाही आणि पोशाख ताणून लोंबत नाही.

दुसरी पद्धत क्रोशाची. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड साधा टाका, घालताना बोटावरून धागा लांब ओढून प्रत्येक टाक्याला एक लूप सोडायचा. हा लूप कामाच्या मागच्या बाजूला पडतो, म्हणून एक ओळ लूपची आणि एक साध्या मुक्या खांबांची घ्यावी लागते, नाही तर लूप दोन्ही अंगांना येतात. तुकडा पुरा झाल्यावर लूप कापायचे आणि विंचरायचे. माझ्या आईने हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा तिला तो मानवला नाही. "अरे, एवढं छान विणलंस आणि आता पिंजत बसलास होय?" असे ती म्हणाली, आणि तिचे अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही. एका बाहीला मला चार संध्याकाळी लागल्या. मनगट दुखते ते वेगळेच. तुकडा मध्येच कापता येत नाही, कारण कात्री लावली की कडा उसवते. त्यामुळे आकार विणतानाच, टाके वाढवून किंवा घटवून द्यावा लागतो. अस्तर लावले नाही तर तो आपल्याच वजनाने लांबत जातो. वजनही थोडेथोडके नाही: माझ्या हातून 100 ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे दोन वीत लांब आणि एक वीत रुंद एवढाच तुकडा होतो. आठ वर्षांच्या मुलाच्या अंगभर पोशाखाला एक किलोच्या पुढे लोकर लागली होती.

एवढे वाचून कोणीही मशीनच निवडील, आणि पहिल्या वर्षी मीही तेच केले. पोशाख हँगरवर फार देखणा दिसत होता. रंगीत तालमीच्या दिवशी अस्वल मधाच्या पोळ्याकडे जाण्यासाठी वाकले आणि त्याच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, एकाखाली एक पांढऱ्या रेघा उमटल्या. ओळींमधले मांजरपाट उघडे पडले होते. पुढे बसलेली एक छोटी मुलगी मोठ्याने म्हणाली, "अस्वलाने भांग पाडलाय!" त्यानंतर त्या प्रवेशात कोणाचेही संवाद ऐकू आले नाहीत.

त्या रात्री मी मांजरपाटाला काळा रंग दिला. पुढच्या वर्षी काळेच कापड घेतले. तरीही कोपर, गुडघे, पाठ, जिथे जिथे कापड बाहेरच्या बाजूला वाकते तिथे केस दोन्हीकडे पडतात आणि मंचावरच्या उजेडात चकाकत्या लोकरीमधून मळकट सुती रेघ दिसते. ओळी अधिक जवळ घेतल्या तेव्हा भांग कमी झाला, पण लोकर आणि वजन क्रोशाच्या बरोबरीला आले. ओळी सरळ न घेता नागमोडी शिवल्या, तेव्हाही बराच फरक पडला. माझ्यापेक्षा सफाईने शिवणाऱ्याला कदाचित हा त्रास जाणवणारही नाही. मला मात्र त्यानंतर दुसरे काही दिसेनासे झाले; पोशाख हातात घेतला की मी आधी तो वाकवून बघतो.

क्रोशाच्या तुकड्यात भांग पडला तरी खाली तीच काळी लोकर असते. विंचरताना तारा बुडातल्या टाक्यांनाही लागतात, त्यांवरही लव येते आणि वरचे केस तिच्यात गुंतून जागेवर राहतात. बुडाचे टाके मात्र घट्ट हवेत. मी नेहमीपेक्षा एक नंबर बारीक सुई घेतो, नाही तर ब्रशाबरोबर अख्खे धागे उपसून येतात. विंचरणेही टोकाकडून सुरू करून हळूहळू बुडाकडे जावे, गुंता झालेल्या वेणीला करतो तसे. अस्वलासाठी तर धागा पुरता फुलवायचा नाही. अर्धवट उकललेल्या बटा ठेवल्या की जो झिपरेपणा येतो तो मला मशीनच्या झालरींमध्ये साधला नाही. मानेजवळ लूप चार बोटांवरून, पोटाशी एका बोटावरून, आणि छातीच्या पट्ट्याला मध्येच पांढरी लोकर, हे सारे विणता विणताच होऊन जाते.

दोन्ही प्रकारांत तंतू मात्र अतोनात उडतात. पंखा बंद करून, नाकाला रुमाल बांधून, शक्यतो गच्चीत बसावे. ब्रशात अडकलेला पुंजका मी डब्यात साठवतो. अस्वलाच्या तोंडात भरायला तो पुरला होता. इस्त्री तर जवळही आणू नये. एकदा मी अस्तराच्या बाजूने, तेही बेताचीच गरम फिरवली, तरी त्या जागची फर चपटी आणि काचेसारखी झाली, ती पुन्हा उठली नाही.

हातात आठच दिवस असतील, किंवा पोशाख एकदाच वापरायचा असेल, तर मशीनची पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. फक्त काळ्या फरीखाली काळे कापड घ्यावे आणि निदान कोपर व खांदे तरी क्रोशाने करावेत. माझ्या मशीनच्या अस्वलाचा आता झोपलेल्या अस्वलाच्या प्रवेशात उपयोग होतो, कारण त्यात वाकावे लागत नाही. येत्या जानेवारीसाठी अस्वलाची दोन पिल्ले हवी आहेत. दिवाळी अजून लांब आहे, तरी पहिल्या बाहीच्या 62 साखळ्या घालून झाल्या आहेत.