"केस करू नका, बिल आम्ही भरतो"

धडक देणाऱ्या गाडीचा मालक स्वतः दवाखान्यात येऊन बसतो, घरून डबा आणतो, तुमच्या आईला मावशी म्हणतो. असा माणूस भेटला तर त्याचे आभार माना, पण सही देऊ नका आणि कागद त्याच्या हाती सोपवू नका. आमच्या घरी जे घडलं ते सगळं लिहितेय. ज्यांचं माणूस आत्ता हाडांच्या वॉर्डात झोपून आहे त्यांनी हे आजच वाचावं, कारण यातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांतच हातातून जातं.

माझा धाकटा भाऊ गेल्या जुलैत संध्याकाळी कामावरून मोटारसायकलवर घरी निघाला होता. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अंकलीजवळ समोरून ओव्हरटेक करत आलेल्या कारने त्याला उडवलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, उजव्या पायाची नडगी मात्र दोन ठिकाणी मोडली. कारमधल्याच लोकांनी त्याला उचलून मिरजेच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. आमचे वडील, आबा, पोचले तोवर कॅज्युअल्टीत त्याचं नाव, पत्ता आणि अपघात कसा झाला, हे सगळं त्या कारवाल्यांनीच सांगून टाकलं होतं. भाऊ वेदनांनी अर्धवट शुद्धीत. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

कागदावर लिहिलं गेलं, "खड्ड्यात मोटारसायकल घसरून पडल्याने जखमी."

एवढ्या एका ओळीने आमचं किती नुकसान केलं ते आम्हाला फार उशिरा कळलं. अपघाताचा रुग्ण आला की दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, करतो आणि पोलिसांना खबर देतो. त्या खबरीत दुसऱ्या गाडीचा उल्लेखच नसला तर पोलिसांच्या लेखी तो आपल्या हाताने पडलेला माणूस. पुढे नुकसानभरपाईचा दावा लागतो तेव्हा कारच्या विमा कंपनीचा वकील हीच ओळ न्यायाधीशांपुढे ठेवतो. म्हणून रुग्णाला दाखल केलं की आधी केसपेपर मागून वाचा. अपघाताची हकीकत चुकीची असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, गाडीचा नंबर त्यात घाला आणि अर्जाची पोच घ्या.

दुसऱ्या दिवशी गाडीमालक आला. "आबा, पोरगं तुमचं तसं आमचं. पोलिसांत गेलात तर कोर्टाच्या चकरा, तुमचीही गाडी ठाण्यात पडून राहील. बिलाचं माझ्यावर सोडा." पंचवीस हजार डिपॉझिट त्याने खरंच भरलं. ऑपरेशनच्या सकाळी, सगळे रक्ताच्या बाटलीच्या धावपळीत असताना, पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला मजकूर त्याने आबांपुढे धरला. "खर्चाची हमी लिहून देतोय, पोच म्हणून सही करा," असं सांगितलं. हमीचं एक वाक्य त्यात होतंही. त्याच्याखाली बारीक अक्षरात होतं की अपघाताबाबत आमची कुणाविरुद्धही तक्रार नाही आणि पुढे कधी करणार नाही. मुलगा ऑपरेशन थिएटरच्या दारात असताना बापाकडून अशी सही घेणारा माणूस काय दर्जाचा असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

बिल झालं एक लाख शहाऐंशी हजार. डिस्चार्जच्या दिवशी त्याचा फोन बंद होता. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून भावाला घरी आणलं. चार दिवसांनी तो उगवला आणि म्हणाला, "माझ्या इन्शुरन्सला लावतो, महिन्याभरात पैसे येतील, सगळी ओरिजिनल द्या." बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे अशी सगळी फाइल तो घेऊन गेला. मग आज सर्व्हेअर आला नाही, उद्या साहेब रजेवर आहेत, असं चालू झालं.

हे सरळसरळ खोटं असतं, आणि हाच मुद्दा लोकांना माहीत हवा. जखमी माणसाच्या दवाखान्याची बिलं गाडीमालकाने आपल्या विमा कंपनीत लावायची आणि पैसे आणून द्यायचे, अशी रीतच नाही. थर्ड पार्टी विम्याचे, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यासाठीच्या विम्याचे, पैसे मोटार अपघात दावा प्राधिकरणाच्या आदेशाने किंवा रीतसर तडजोडीने जखमीला मिळतात. ओरिजिनल कागद मालकाने मागायचं कारणच नाही. भावाच्या स्वतःच्या मोटारसायकलचा विमाही इथे उपयोगी पडला नाही. मालक-चालकासाठी जे पंधरा लाखांचं अपघात कवच असतं ते मृत्यू, हात-पाय-डोळे गमावणं आणि कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठी. मोडलेल्या नडगीचं बिल त्यातून निघत नाही. राहिला भावाच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम. दवाखाना त्यांच्या यादीत नव्हता, त्यामुळे आधी भरून मग परतावा घ्यायचा होता. त्यासाठी लागत होते तेच ओरिजिनल कागद, आणि मुदत होती डिस्चार्जनंतर तीस दिवस.

तो इतका गोड का वागत होता याचा उलगडा आम्हाला अपघाताच्या जागी झाला. तिथल्या वडापावच्या गाडीवाल्याने सगळं पाहिलं होतं. कार मालक चालवतच नव्हता. चालवत होता त्याचा अकरावीतला मुलगा.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. शिवाय चालकाकडे लायसन नसलं तर न्यायालयं अनेकदा विमा कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावतात आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. हे सगळं त्याला पंचवीस हजारांत आणि चार डब्यांत टाळायचं होतं. अपघाताची खबर चोवीस तासांच्या आत पोलिसांना देणं हे कलम 134 नुसार त्याच्या बाजूचं काम होतं.

पोलीस बाजूला राहिल्याने आणखी एक गोष्ट गेली. मे 2025 पासून केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंतचा उपचार. पण त्यासाठी अपघाताची पोलिसांकडून खातरजमा व्हावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दलही आम्हाला कुणी बोललं नाही. त्या योजनेतल्या दवाखान्यात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र बसतो. तुमचा दवाखाना तिच्यात आहे का, हे दाखल करताना 155388 वर विचारून घ्या.

मग आम्ही उलट दिशेने काम सुरू केलं. वडापाववाले काका जबाब द्यायला कचरत होते, ठाण्यात बोलावतील, धंदा बुडेल म्हणून. मदत करणाऱ्याला कलम 134अ चं संरक्षण आहे हे वकिलांनी त्यांना नीट समजावल्यावर ते तयार झाले, आणि त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. ठाण्यात आधी "एवढ्या उशिरा?" असं झालं. पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज गेल्यावर गुन्हा नोंदला गेला. उशिराची कारणं एफआयआरमध्ये सविस्तर लिहून घेतली. केवळ एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली रवी विरुद्ध बद्रीनारायण प्रकरणात म्हटलेलं आहे. कारचा विमा कोणत्या कंपनीचा आणि चालू आहे का, हे एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून दिसलं.

गेलेल्या कागदांसाठी दवाखान्याला लेखी अर्ज केला. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत रुग्णाची कागदपत्रं द्यावी लागतात. केसपेपरच्या आणि बिलांच्या साक्षांकित प्रती मिळाल्या. मेडिक्लेमवाल्यांनी आधी मुदत संपली म्हणून हात वर केले. खऱ्या क्लेमला नुसत्या उशिराच्या कारणावरून नाकारू नये असं आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, 2011 चं परिपत्रक आहे. त्याचा हवाला देऊन, एफआयआर जोडून पुन्हा लिहिल्यावर बिलाचा मोठा भाग मिळाला. पाटल्या सुटल्या.

या दरम्यान आणखी एका तऱ्हेचा माणूस भेटला, त्याच्याबद्दल थोडक्यात. "साहेबांचा माणूस" म्हणून आला, वीस लाख मिळवून देतो म्हणाला, त्यातले तीस टक्के त्याचे. कोऱ्या वकीलपत्रावर सही आणि भावाच्या नावाने नवं बँक खातं हवं होतं, मोबाइल नंबर मात्र त्याचा. खाते कुणाच्या मोबाइलला जोडलंय यावर पैसे कुणाच्या हाती जातात ते ठरतं. दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्याला दारातूनच परत पाठवलं.

प्राधिकरणात दावा दाखल करायला 1 एप्रिल 2022 पासून अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयात वाद आहे, पण त्या भरवशावर बसू नका. गाडीमालक "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत जे दिवस काढतो ते याच मुदतीतले असतात. आमचा दावा मुदतीत सांगलीला दाखल झाला. कारच्या विमा कंपनीने अपेक्षेप्रमाणे "खड्ड्यात घसरून" ही ओळ आणि आबांच्या सहीचा स्टॅम्प पुढे केलाय. आमच्या बाजूने काकांचा जबाब आहे, पंचनामा आहे आणि कारच्या बंपरला लागलेल्या भावाच्या गाडीच्या लाल रंगाचा फोटो आहे. तो अपघाताच्या रात्रीच एका अनोळखी पोराने काढून ठेवला होता.